पाण्याच्या वाटेने सातारा: जिल्ह्यातली ऐतिहासिक ठिकाणं कशी पाहावीत

साताऱ्याला येणारा पाहुणा बहुतेक वेळा महाबळेश्वर, प्रतापगड आणि सप्टेंबर असेल तर कासचं पठार, एवढं पाहून परत जातो. पुणे-बंगळूर हमरस्त्यापासून जरासं आत लिंबची बारामोटेची विहीर आहे, किकलीला वीरांच्या स्मारकशिळा, म्हणजे वीरगळ, आहेत, माहुलीला शाहू छत्रपतींची समाधी आहे. गाडी त्यांच्या शेजारून निघून जाते. यात पाहुण्याचा दोष नाही. 'अमुक जिल्ह्यातली दहा प्रेक्षणीय स्थळं' अशा याद्या ठिकाणं एकमेकांपासून तोडून समोर ठेवतात. मग प्रत्येक जागा सुटी पडते आणि फोटोपुरती उरते.

माझा आग्रह असा, की सातारा जिल्हा पाण्याच्या मागे मागे जात पाहावा. इथलं जवळजवळ प्रत्येक जुनं बांधकाम पाण्याशी जोडलेलं आहे. कृष्णेकाठी घाट आणि देवळं, संगमांवर समाध्या, बागायतीसाठी विहिरी, गडांवर टाकी, पूर्वेच्या दुष्काळी माणदेशात डोंगरमाथ्यावरचा तलाव. पाण्याचा धागा धरला की कुठली जागा कशासाठी उभी राहिली ते कळतं, आणि एका दिवसात कुठली ठिकाणं एकत्र करायची हेही आपोआप ठरतं. पुढचा सगळा क्रम त्या धाग्यावर बेतलेला आहे.

आधी ऋतू, मग रस्ता

जिल्ह्यात ११ तालुके आहेत आणि हवामान दोन टोकांचं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर माण-खटावला पाचशेच्या आसपास. प्रवास ठरवताना ही गोष्ट सगळ्यात आधी लक्षात घ्यायची.

जून ते सप्टेंबरात पश्चिमेकडचे गड टाळा. धुक्यात तटबंदी दिसत नाही, पायऱ्या शेवाळतात आणि आंबेनळीसारख्या घाटात दरडी कोसळून रस्ता बंद होतो. पण याच दिवसांत पूर्वेकडचे खटाव, माण, फलटण हे तालुके पाहायला फार छान असतात. ऊन नसतं, माळ हिरवा असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा पश्चिमेचा काळ: प्रतापगड, सज्जनगड, वासोटा तेव्हा करावेत. मार्च ते मे या महिन्यांत नदीचं पाणी उतरतं, त्यामुळे वाई आणि माहुलीचे घाट पार खालच्या पायरीपर्यंत दिसतात. उन्हाळ्यात मात्र सकाळी दहापर्यंत उघड्यावरची ठिकाणं आटोपून दुपार संग्रहालयात किंवा सावलीच्या वाड्यात काढायची.

घरी बसून करायची तयारी

इंग्रज अमदानीत प्रत्येक जिल्ह्याचं गॅझेटियर निघालं. साताऱ्याचं १८८५ सालचं आहे आणि राज्य शासनाच्या दर्शनिका विभागाने ते आंतरजालावर मोफत ठेवलेलं आहे. त्यातलं 'ठिकाणं' हे प्रकरण गावांच्या नावांनुसार लावलेलं आहे. ज्या बाजूला जायचं त्या बाजूच्या गावांची नावं त्यात शोधा. कुठल्या देवळाला कुणी पैसा दिला, घाट कुणी बांधला, अशी माहिती तिथे ओळीओळींत सापडते. तेव्हाची मोजमापं आणि आख्यायिका जशाच्या तशा खऱ्या मानू नयेत, पण कुठे काय शोधायचं हे त्यातून नक्की समजतं.

मोबाइलवरचा नकाशा गावापर्यंत नेतो, पण गडाच्या पायवाटेवर अनेकदा चुकवतो. त्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे पाहावेत. त्यांवर विहिरी, देवळं, किल्ले आणि पायवाटा दाखवलेल्या असतात. हव्या त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, कारण कोयनेच्या खोऱ्यात आणि जावळीत फोनला रेंज मिळेलच असं नाही.

सोबत घ्यायच्या वस्तू थोड्याच: चांगली विजेरी, वही-पेन्सिल, १५ सेंटिमीटरची पट्टी, भरपूर पाणी आणि घट्ट तळव्याचे बूट. अत्तर किंवा उग्र वासाचा फवारा मारून गडावर किंवा लेण्यांत जाऊ नका. कड्याकपारींत आग्या मोहोळं असतात; वासाने आणि धुराने ती उठतात.

मुक्काम एकाच ठिकाणी ठेवण्यापेक्षा तीन ठिकाणी वाटावा: सातारा, वाई आणि कऱ्हाड. पूर्व भागासाठी सातारा किंवा फलटण चालतं. एसटीने फिरणाऱ्यांना सातारा स्थानक सगळ्यात सोयीचं. रेल्वेने येणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की सातारा रेल्वे स्थानक शहरात नाही, बाहेर माहुलीच्या बाजूला आहे. म्हणून गाडीतून उतरून आधी माहुली पाहून मग शहरात जाणं शहाणपणाचं.

पहिला दिवस: सातारा शहर आणि माहुली

सकाळी उजाडताच अजिंक्यतारा. वरपर्यंत गाडीरस्ता आहे, पण पायी चढलात तर गडाची जागा किती नेमकी निवडलेली आहे ते पायांना कळतं. तटावरून फेरी मारताना यवतेश्वरचा डोंगर, सज्जनगड आणि पूर्वेला कृष्णा-वेण्णेचं सपाट खोरं ओळखून घ्या. पुढच्या दिवसांचा नकाशाच तिथून दिसतो. १६९९च्या डिसेंबरात औरंगजेबाने या गडाला वेढा घातला. किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी तो महिनोन्‌महिने लढवला. मोगलांनी तटाखाली पेरलेला एक सुरुंग उलटला आणि त्यांचीच माणसं मोठ्या संख्येने दरडीखाली गाडली गेली. एप्रिल १७००मध्ये गड पडला. मंगळाईच्या देवळाजवळच्या बुरुजावर उभं राहून खाली पाहिलं, की हल्लेखोरांना कुठून चढावं लागलं असेल याचा अंदाज येतो. गडावरची तळीही पाहा. वेढ्यात गड किती दिवस तग धरणार हे दारूगोळ्याइतकंच त्या पाण्यावर ठरायचं. पुढे याच साताऱ्यात १२ जानेवारी १७०८ रोजी शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि मराठी राज्याची सूत्रं इथे आली.

उतरताना चार भिंती हे हुतात्मा स्मारक वाटेत लागतं. मग राजवाडा. १८४८ साली डलहौसीने सातारचं राज्य खालसा केलं, आणि छत्रपतींच्या वाड्यांमध्ये पुढे सरकारी कामकाज व शाळा आल्या. प्रतापसिंह हायस्कूल त्यांतलंच एक. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी भीमराव आंबेडकर या मुलाचं नाव या शाळेच्या पटावर दाखल झालं. महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. या जागेकडे 'जुना वाडा' म्हणून धावती नजर टाकून पुढे जाऊ नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ला ती साताऱ्याला आणली. म्हणजे छत्रपतींच्या राजधानीचं हे गाव बहुजनांच्या शिक्षणाचंही गाव आहे, आणि माझ्या मते साताऱ्याचा हा वारसा गडांच्या तोडीचा आहे.

दुपार उतरली की माहुली. कृष्णा आणि वेण्णा इथे मिळतात. संगम माहुली आणि क्षेत्र माहुली अशी दोन गावं नदीच्या दोन तीरांवर आहेत. बरेच जण एका तीरावरूनच परत फिरतात, तसं करू नका. संगम माहुलीचं विश्वेश्वराचं देऊळ श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५च्या सुमारास बांधलं. खाली दगडी बांधकाम, वर विटा-चुन्याचं शिखर, समोर दीपमाळ ही अठराव्या शतकातल्या मराठा मंदिराची ओळख आहे. ती इथे नीट पाहून ठेवलीत तर पुढे वाईला उपयोगी पडेल. याच परिसरात शाहू महाराजांची आणि महाराणी ताराबाईंची समाधी आहे. एकमेकांविरुद्ध राज्यासाठी लढलेले हे दोघे एकाच संगमावर विसावले आहेत. शाहू महाराजांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याचीही समाधी इथे आहे. न्यायमूर्ती रामशास्त्री प्रभुणे माहुलीचेच.

समाध्या शोधताना काठावरच्या कुणाला तरी विचारा. 'दादा, ताराराणींची समाधी कुठल्या बाजूला?' एवढं विचारलं की माणसं स्वतः सोबत येऊन दाखवतात. नदीला पाणी असेल तर काही बांधकामं पाण्याखाली असतात. तेव्हा पात्रात उतरण्याचं धाडस करू नये.

दुसरा दिवस: लिंब आणि किकली, दगड वाचायला शिकण्यासाठी

ही दोन्ही ठिकाणं लहान आहेत, पण त्यांना अर्धा दिवस द्या. जुनी वास्तू 'पाहणं' आणि 'वाचणं' यांतला फरक इथे शिकता येतो.

लिंबची विहीर साताऱ्यापासून साधारण १५ किलोमीटरवर आहे. वरून पाहिलं तर एक अष्टकोनी विहीर आणि तिला जोडलेली दुसरी लहान आयताकृती विहीर. दोन्ही मिळून शिवलिंगासारखा आकार होतो. व्यास सुमारे ५० फूट, खोली सुमारे ११० फूट. एकाच वेळी बारा मोटा चालायच्या म्हणून बारामोटेची. वर मोटांसाठी दगडी थारोळी आहेत. बैल मोट ओढत, पाणी थारोळ्यात पडे आणि तिथून पाटाने भोवतीच्या आमराईला जाई. आधी वरून हे सगळं समजून घ्या, मगच खाली उतरा.

खाली उतरताना रुंद पायऱ्या आहेत, कमान आहे आणि दोन विहिरींच्या मधोमध एक छोटा महाल आहे. त्याच्या भिंतींवर प्राण्यांची कोरीव शिल्पं आहेत. कडक उन्हाळ्यातही तिथे गारवा असतो. विहीर शेताला पाणी देण्यासाठी, पण तिच्या पोटात माणसांनी बसावं, बोलावं अशीही सोय केलेली: पाण्याला एवढा मान देणारी वास्तू महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी आहे.

प्रवेशाच्या बाजूला शिलालेख आहे. त्यावरून कळतं की विरूबाई भोसले यांनी ही विहीर शके १६४१ ते १६४६ या काळात बांधून घेतली. शकाचं इसवी सनात रूपांतर करायला ७८ मिळवायचे: १६४१ म्हणजे १७१९, १६४६ म्हणजे १७२४. मात्र शकाचं वर्ष गुढीपाडव्याला बदलतं आणि इसवी सन १ जानेवारीला. म्हणून पौषातला उत्तरार्ध, माघ किंवा फाल्गुन असेल तर ७९ मिळवावे लागतात. समर्थ रामदासांनी शके १६०३च्या माघ वद्य नवमीला देह ठेवला. तो दिवस जानेवारी १६८२मध्ये पडतो. लेखात संवत्सराचं नाव असेल तर पडताळाही घेता येतो, कारण ही साठ नावं ठरावीक क्रमाने परत येतात. शके १६४१ला विकारी संवत्सर होतं. २०१९च्या गुढीपाडव्याला सुरू झालेल्या शके १९४१लाही विकारीच होतं. लेखातला शक आणि संवत्सर जुळले नाहीत तर आपण आकडा चुकीचा वाचला असण्याची शक्यता आधी धरावी.

शिलालेख वाचण्यासाठी त्यावर खडू, कोळसा, तेल, पाणी, काहीही लावू नये. विजेरी लेखाच्या एका बाजूने, दगडाला जवळजवळ चिकटवून तिरपी धरा. अक्षरांच्या खाचांत सावली पडते आणि समोरून न दिसणारी अक्षरं उठून दिसतात. उजवीकडून एक, डावीकडून एक आणि वरून एक असे तीन फोटो घ्या.

तिथून किकली. वाई तालुक्यातलं, भुईंजजवळचं, चंदन-वंदन या जोडकिल्ल्यांच्या बाजूचं हे गाव. भैरवनाथाचं देऊळ तीन गाभाऱ्यांचं, कोरीव खांबांचं, यादवकाळाच्या घडणीचं आहे. त्याच्या आवारात आणि गावात वीरगळ मोठ्या संख्येने आहेत. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराची स्मारकशिळा. ती खालून वर वाचायची. सगळ्यात खालच्या चौकटीत वीर आडवा पडलेला किंवा लढताना. तिथे गाई कोरलेल्या असतील तर तो गोधन वाचवताना मेला असं समजावं. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेत आहेत. त्यावर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे, म्हणजे कैलासाला पोचला. माथ्यावर कलश, आणि बाजूला चंद्र-सूर्य: ते असेपर्यंत याची कीर्ती राहो. शेजारी कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेली शिळा दिसली तर ती सतीशिळा.

या शिळांवर बहुधा नाव नसतं. शस्त्रं, घोडा, ढाल, केसांचा बुचडा, एवढ्यावरूनच त्या माणसाशी ओळख करून घ्यावी लागते. काही ठिकाणी लोक त्यांना शेंदूर लावून देव म्हणून पुजतात. आपण वाद घालायला जाऊ नये. नमस्कार करून, परवानगी मागून फोटो घ्यावा. देवळाला कुलूप असेल तर गुरवाचं घर विचारा. पारावरच्या आबांना 'गावात आणखी कुठं कोरीव दगड, जुनी बारव हाय का?' असं सरळ विचारलं की कुठल्याही नकाशावर नसलेली जागा कळते.

वाईचं खोरं

संध्याकाळपर्यंत वाईला पोचा आणि तिसऱ्या दिवशीची सकाळ घाटांवर काढा. गणपती घाटावरचं ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधलं. बहुतेक जण समोरून दर्शन घेऊन निघतात. तुम्ही देवळाच्या मागे जा. मागची भिंत सपाट नाही, माशासारखी निमुळती आहे. कृष्णेचा पूर आला की पाणी त्या टोकावर दुभंगून दोन्ही बाजूंनी वाहून जावं, यासाठी ती तशी बांधली. बांधणाऱ्याने नदीशी भांडण न मांडता तिला वाट करून दिली. पुढे काशीविश्वेश्वराचं देऊळ आणि त्यासमोरचा काळ्या दगडाचा गुळगुळीत नंदीही याच रास्ते घराण्याच्या काळातला.

मेणवली वाईपासून अगदी जवळ. नाना फडणवीसांचा चौकांचा वाडा आणि मागे कृष्णेवरचा चंद्रकोरीच्या वळणाचा घाट. वाड्यात जुन्या भित्तिचित्रांचे अवशेष आहेत. फ्लॅश वापरू नका, रंग आधीच फिके पडले आहेत. घाटावर एका लहानशा घुमटीत मोठी काशाची घंटा टांगलेली आहे. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू यांची आकृती आणि १७०७ हे साल आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई जिंकली, तेव्हा चर्चमधल्या अशा घंटा विजयचिन्ह म्हणून आणल्या गेल्या आणि महाराष्ट्रातल्या अनेक देवळांत पोचल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यांतलीच. मेणवलीची घंटा पाहताना तिला वाजवून पाहण्याचा मोह टाळावा.

तिथून धोम. धरणाच्या अलीकडे नृसिंहाचं आणि महादेवाचं देऊळ आहे. महादेवासमोर कमळाच्या आकाराचा हौद, त्यात कासव आणि कासवाच्या पाठीवर नंदी. हौदात पाणी भरलेलं असताना नंदी पाण्यावर तरंगल्यासारखा दिसतो, म्हणून पाऊस नुकताच संपलेला असताना जाणं उत्तम. वेळ उरला तर लोहाऱ्याची लेणी किंवा पांडवगड यांपैकी एकच निवडा. दोन्हींचा हट्ट धरला तर दोन्ही घाईत होतात.

कृष्णा-कोयनेचा उगम आणि प्रतापगड

क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात गर्दी असते. तिथून थोड्याच अंतरावर कृष्णाबाईचं दगडी देऊळ आहे आणि तिथे क्वचितच कुणी जातं. काळ्या पाषाणाचे खांब, कोरीव छत, गोमुखातून येणारी धार. वाई, माहुली, कऱ्हाड इथे जिच्या काठावर आपण फिरतो ती कृष्णा इथे एका धारेएवढी आहे.

प्रतापगडाबद्दल मराठी वाचकाला नव्याने काय सांगायचं? १६५६च्या सुमारास मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली बांधकाम सुरू झालं, १० नोव्हेंबर १६५९ला अफजलखानाचा वध झाला, आणि जुलै २०२५मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जे बारा किल्ले आले त्यांत तो आहे. एवढीच विनंती, की पुतळा आणि भवानीचं मंदिर पाहून परत फिरू नका. अफजल बुरुजाकडच्या माचीवर जा. तिथून पार घाटाची दिशा पाहा: कोकण आणि वाई यांना जोडणाऱ्या वाटेच्या उरावर हा गड बसवला आहे. मग खाली पार गावात उतरा. तिथे कोयनेवरचा शिवकालीन दगडी पूल आजही उभा आहे. गड पाहायला येणाऱ्यांपैकी फार थोडे या पुलापर्यंत जातात. ही वाट किती वाहती होती हे त्या पुलावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

सज्जनगडासाठी वेगळा अर्धा दिवस ठेवा. पायथ्याच्या परळी गावात जुनी महादेवाची देवळं आणि वीरगळ आहेत. किकलीला शिकलेलं इथे वापरून पाहा. गडाच्या दुसऱ्या दरवाजाशी फारसी शिलालेख आहे. रामदासस्वामींची समाधी ज्या गडावर, त्याच्याच दारात फारसी लेख, म्हणजे एका गडाने किती राजवटी पाहिल्या! गडावर महाप्रसाद आणि राहण्याची सोय आहे. रात्री दरवाजे बंद होतात, तेव्हा मुक्काम करायचा तर वेळेत वर पोचावं.

वासोटा हा स्वतंत्र दिवस. बामणोलीहून लाँचने शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, ओलांडायचा, वनखात्याची परवानगी घ्यायची आणि संध्याकाळच्या आत परतायचं. तो कोयना अभयारण्यात, व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत आहे. पावसाळ्यात बंद असतो आणि वर मुक्कामाला परवानगी नाही.

कऱ्हाड: जिथे दोन नद्या समोरासमोर येतात

महाबळेश्वरच्या एकाच डोंगरातून निघालेल्या कृष्णा आणि कोयना कऱ्हाडला जवळजवळ समोरासमोर येऊन भेटतात. या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. गावातलं त्यांचं 'विरंगुळा' हे घर संग्रहालय म्हणून जपलेलं आहे. खोल्या साध्या, पुस्तकं पुष्कळ.

सकाळ मात्र आगाशिवच्या डोंगराला द्या. जखिणवाडीजवळ साठाहून अधिक बौद्ध लेणी आहेत. अजिंठा-वेरूळ पाहिलेल्यांना ती पहिल्यांदा ओकीबोकी वाटतील, कारण मूर्ती नाहीत. हेच तर त्यांचं वय सांगतं: बुद्धाची मूर्ती करण्याऐवजी स्तूप पुजण्याच्या काळातली ती आहेत. भिक्षूंच्या खोल्यांतले दगडी बाक आणि बाहेर खोदलेली पाण्याची टाकी पाहा. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातल्या भिक्षूंच्या मुक्कामात, इथे राहणाऱ्यांची सगळी व्यवस्था त्या टाक्यांवर चालली होती. टाकी खोल असतात, काठ निसरडे. लहान मुलांचा हात सोडू नका.

दुपारी पंताच्या कोटातली नकट्या रावळाची विहीर आणि जुन्या मशिदीचे सुमारे १०६ फूट उंच जोडमिनार. विहिरीच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि कठडा नाही. जितकं दिसेल तितकंच उतरा. वेळ असेल तर चाफळचं राममंदिर आणि समर्थस्थापित अकरा मारुतींपैकी चाफळ, उंब्रज, मसूर, शहापूर हे करता येतात. सगळे अकरा एका दिवसात उरकायचे असतील तर सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांतही जावं लागतं, आणि मग ती नुसती धावपळ होते.

पूर्वेकडे: औंध, शिखर शिंगणापूर, फलटण

सातारा-पंढरपूर रस्त्याने निघालात की आधी वर्धनगड लागतो. चढ सोपा, तटबंदी बरीच शाबूत. मुलांना पहिला किल्ला दाखवायचा तर हाच दाखवा.

औंधला यमाईच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय आहे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी १९३८ साली हे उभं केलं. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचं 'माता आणि बालक' हे दगडी शिल्प एका छोट्या संस्थानी गावात आहे यावर अनेकांचा विश्वास बसत नाही. याच राजाने त्याच काळात आपल्या संस्थानातली सत्ता प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना स्वीकारली. संग्रहालयाला साप्ताहिक सुटी असते, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करा. दोन तास तरी हाताशी ठेवा.

शिखर शिंगणापूर माण तालुक्यात. शंभू महादेवाचं हे देवस्थान भोसले घराण्याचं कुलदैवत. गावाजवळचा मोठा तलाव शिवरायांचे आजोबा मालोजीराजे यांनी बांधला. पाण्यासाठी तडफडणाऱ्या डोंगरावर यात्रेकरूंसाठी एवढा तलाव, हे मालोजींचं सगळ्यात बोलकं स्मारक आहे. चैत्रात कावडी मुंगी घाटातून वर चढतात, तो सोहळा पाहण्यासारखा. मात्र तेव्हा देवळाची कोरीव कामं निवांतपणे पाहता येणार नाहीत. दोन्ही हवं असेल तर दोनदा जावं.

फलटणला जबरेश्वराचं नक्षीदार देऊळ आणि नाईक निंबाळकरांचा राजवाडा. महाराणी सईबाई याच घराण्यातल्या. पुण्याकडे परतणाऱ्यांनी खंडाळा तालुक्यातल्या नायगावला थांबावं: ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले यांचा जन्म इथे झाला. खटाव तालुक्यातलं कटगुण हे जोतीरावांच्या घराण्याचं मूळ गाव; औंधच्या दिवसाला ते जोडता येतं.

कायदा आणि नोंद

संरक्षित स्मारकं दोन प्रकारची: काही केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, काही राज्याच्या. फलक वाचला की कळतं. केंद्र संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास १९५८च्या कायद्यानुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच्या हद्दीपासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही. ड्रोन उडवायचं तर आधी लेखी परवानगी लागते. पण जिल्ह्यातल्या बहुतेक वीरगळांना, बारवांना, गावदेवळांना कुठलंच संरक्षण नाही. देवळाचा जीर्णोद्धार निघतो, दगडावर ऑइलपेंट चढतो, वीरगळ पायरीला किंवा गटाराला लागतात. म्हणून आपली नोंद महत्त्वाची.

प्रत्येक ठिकाणी शेजारी पट्टी ठेवून वस्तूचा समोरून एक आणि तिरपा एक फोटो घ्या. तारीख, गाव, तालुका, देवळाच्या कुठल्या बाजूला, तोंड कुठल्या दिशेला आणि मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश वहीत लिहा. गावकऱ्याने सांगितलेली कथा त्याच्याच शब्दांत उतरवा, आणि आपला तर्क वेगळ्या ओळीत ठेवा. नाणं किंवा मूर्ती सापडली तर उचलून घरी आणू नये. १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीखाली सापडलेल्या मौल्यवान वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, आणि तहसीलदारांमार्फत ती देता येते.

दगड धोक्यात दिसला, म्हणजे रस्त्याच्या कामात निघालेला, कचऱ्यात पडलेला, तर आधी सरपंचांना आणि देवस्थानच्या विश्वस्तांना भेटा. वीरगळाच्या चौकटी त्यांना बोटाने दाखवून समजावून सांगा. हा आपल्याच गावासाठी लढलेला माणूस आहे हे कळलं की गावकरी स्वतःच त्याच्यासाठी चौथरा बांधतात. त्या नोंदीची एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक राज्य पुरातत्त्व विभागाच्या कार्यालयात पोचती करून सही-शिक्का घ्या.